चाकासमोरची रेघ

"अडचण आहे का गं तुला?"

सुपरवायझरनं हे सगळ्या शेडसमोर विचारलं. त्याच्या हातात हळदी-कुंकवाचं ताट, कपाळावर ओला टिळा, पायांत चप्पल नाही. भोवती वीस-पंचवीस पुरुष उभे. त्यातले काही खाली बघायला लागले. बाकीचे माझ्याकडं.

खंडेनवमी होती. वाळूजच्या आमच्या त्या लहानशा कारखान्यात त्या दिवशी मशिनी चालवत नाहीत. धुतात, पुसतात, हार घालतात, नारळ फोडतात. मी फुलंब्रीहून पहिली एसटी धरून आले होते. माझ्या ग्राइंडरला वर्षभर मीच घासूनपुसून ठेवते, म्हणून पहिलं फूल आपण वाहायचं असं घरून ठरवून निघाले होते. ओंजळीत झेंडूची फुलं होती.

"नाही," मी म्हणाले.

"तरी नकोच. आज मशीनला हात लावू नको. तिकडं लांब उभी राहा."

मी गेले. लॉकरजवळ भिंतीला टेकून उभी राहिले. कान तापले होते. पुरुषांच्या घोळक्यात आपल्या पाळीची चौकशी होते तेव्हा बाईला अंग चोरायलासुद्धा जागा उरत नाही. मनात म्हटलं, असेल त्यांच्यात पाळत, बायकांना लांब ठेवत असतील.

मग मला संगीता दिसली. पॅकिंगमधली. ती माझ्याच ग्राइंडरपुढं उकिडवी बसून रांगोळी काढत होती. मालकाच्या आई, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्यांनी कुंकवाचा करंडा तिच्याच हातात दिला. संगीताला कुणी काही विचारलं नव्हतं.

बाईपणाचा प्रश्न नव्हता तर. माझ्या आडनावाचा होता. ते ऐकलं की काहीजण गाव विचारतात, गाव कळलं की गावातली वस्ती कुठली ते विचारतात, आणि मग पुढं काही विचारत नाहीत. सुपरवायझरनं मला कामावर घेतलं तेव्हा हे तिन्ही विचारून झालं होतं.

वर्षाचे सगळे दिवस त्या मशीनला माझा हात चालतो. पूजेच्या दिवशी तेवढा चालत नाही. हे कळलं तेव्हा मला राग यायला हवा होता. आला नाही. भीती वाटली.

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही मला वाघीणबिघीण समजाल. मला सुपरवायझरची भीती वाटायची. धाकट्या साहेबांची वाटायची. गेटवरच्या रजिस्टरमधून नाव कटेल याची वाटायची. आणि सगळ्यात जास्त त्या चाकाची वाटायची. आयटीआय करून मी ग्राइंडरवर लागले, ओतीव लोखंडी तुकड्यांच्या कडा घासायच्या कामावर. जाडजूड दगडी चाक, मिनिटाला हजारो फेरे. त्याच्यासमोर आठ तास उभं राहायचं. शेजारच्या ग्राइंडरवरचे शकूरचाचा म्हणायचे, "डरती है तो अच्छा है बेटी. जो नहीं डरता उसकी उंगली जाती है." त्यांच्या डाव्या हाताला चार बोटं होती.

तर पूजा. चाकाला हळदी-कुंकू लावायचं म्हणून चाकावरचं लोखंडी झाकण काढलेलं. त्याला आम्ही गार्ड म्हणतो. ते चाकाचा वरचा भाग झाकून ठेवतं. मोठ्या बाईंनी चाकाला पाच बोटं लावली. हार घातला. मग धाकट्या साहेबांनी नारळ घेतला. हे मालकाचे चिरंजीव, परदेशातून इंजिनीअर होऊन आलेले. नारळ फोडायची त्यांना सवय नसावी. ग्राइंडरच्या पायावर आपटायचा तो निसटला आणि जोरात चाकाच्या कडेवर बसला.

मी लांबून आवाज ऐकला. बद.

दुसऱ्या फटक्यात नारळ फुटला. टाळ्या वाजल्या. मी तोंड उघडलं, तर सुपरवायझरनं डोळे वटारले. मी तोंड मिटलं. पेढा मात्र मला मिळाला. वरून, हाताला हात लागणार नाही असा.

आता गोफणीचं सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माझी माय दुसऱ्यांच्या रानात ज्वारी राखायची. कणसात दाणा भरला की पाखरं उतरतात. मचाणावर उभं राहायचं, हाळ्या द्यायच्या, गोफणीनं दगड मारायचे. मी आठ-नऊ वर्षांची असेन. गोफण डोक्यावर गरगर फिरवायला मला लई आवडायचं. एक दिवस पाखरांचा थवा समोर उतरला. मी गोफण फिरवली आणि दगड बरोबर पाखरांच्या बाजूला आला तेव्हा दोरीचं टोक सोडलं. मला वाटलं, दोरी जिकडं दाखवतेय तिकडंच दगड जाणार. दगड गेला आडवा. बाजूला माय उभी होती. तिच्या कानाची पाळी फाटली.

माय मला मारील असं वाटलं. तिनं पदर कानाला दाबला आणि म्हणाली, "धोंडा तू बघतीस तिकडं जात नाय. त्याचं तोंड जिकडं हाय तिकडं जातो."

पुढं आयटीआयला एका सरांनी फळ्यावर वर्तुळ काढलं. म्हणाले, सपाटीवर दोन मितींत फिरणारी वस्तू समजून घ्यायची तर दोन बाण काढायला शिका. एक वेगाचा. तो वर्तुळाला नुसता चाटून सरळ जातो. दुसरा त्वरणाचा. तो आत जातो, मध्याकडं. वस्तू एकाच चालीनं फिरत असली तरी दिशा क्षणाक्षणाला बदलते ना, मग कुणीतरी तिला सतत आत ओढतंय. ती ओढ म्हणजे त्वरण. ओढ सुटली की आतला बाण पुसायचा. उरतो पहिला बाण, आणि वस्तू त्या बाणावरून निघून जाते.

सगळा वर्ग ते वहीत उतरवत होता. मला मायचा कान दिसत होता. हाताला दोरीची ओढ जाणवत होती. आयुष्यात पहिल्यांदा पुस्तकातली गोष्ट मला आधीपासून ठाऊक होती. त्या दिवशी मी बसस्थानकापर्यंत चालत गेले, इतका आनंद झाला होता.

ग्राइंडरवर तर हे रोजच दिसतं. ठिणग्या बघा. चाकाच्या मध्यापासून बाहेर फुलासारख्या कधीच उडत नाहीत. जिथं लोखंड टेकलंय तिथून चाकाला चाटून एका सरळ रेघेत निघतात. लांब जाऊन जरा खाली वाकतात, कारण आता त्यांना चाक ओढत नाही, जमीन ओढते. चाकाचा प्रत्येक कण असाच पळायला बघत असतो. चाक अखंड आहे तोवर बाकीचे कण त्याला आत धरून ठेवतात. तडा गेला की धरणारं कुणी नाही. आणि ग्राइंडरच्या चाकाचा माथा फिरतो कामगाराच्या दिशेनं. माथ्यावरून सुटलेला तुकडा सरळ समोर येणार. माझ्या छातीवर.

म्हणून वर गार्ड असतं.

दसऱ्याची सुट्टी झाली. दसऱ्याच्या दिवशी मी सोनं वाटलं, पुरणपोळी खाल्ली, पण तो बद आवाज कानातून जाईना. तिसऱ्या दिवशी लवकर गेले. चाकावर सुकलेला हार तसाच. गार्ड भिंतीला टेकवून ठेवलेलं, त्याचे बोल्ट पूजेच्या गडबडीत हरवलेले. मी शकूरचाचांना म्हटलं, "चाचा, चाक उतरवून वाजवून बघू."

गावाकडं माठ घेताना बाया काय करतात? टिचकी मारतात. खणखणीत वाजला तर घेतात, बोदा वाजला तर कुंभाराला परत देतात. चाकाचंही तेच. काढून टांगायचं आणि लाकडी मुठीनं हलकेच वाजवायचं. आयटीआयमध्ये पहिल्याच महिन्यात शिकवतात. चाचांनी नट सोडला. चाक सळईला अडकवलं. मी स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं एका बाजूला वाजवलं. ठीक. दुसऱ्या बाजूला वाजवलं. ठीक. कुंकवाच्या पाच बोटांजवळ वाजवलं.

बद.

चाचा म्हणाले, "या अल्ला." आणि हात पुसायला लागले. हात स्वच्छच होते.

सुपरवायझरला सांगितलं. त्याला आधी हे कळेना की मी चाक काढलंच कसं. मग त्यानं धाकट्या साहेबांना बोलावलं. साहेब आले. ते कधी ओरडत नाहीत. हसून बोलतात. मला त्या हसण्याची जास्त भीती वाटायची.

मी सांगितलं. नारळ निसटला, चाकाला लागला, आवाज बोदा आहे, बदलायला पाहिजे. नारळ कुणाच्या हातातून निसटला ते नाव मी घेतलं नाही. गरजच नव्हती. शेडमधले सगळे जवळ येऊन उभे राहिले होते.

"या शेडमध्ये दरवर्षी नारळ फुटतो," साहेब म्हणाले. "आजवर काय झालं?"

मी सळईला टांगलेल्या चाकाकडं बोट केलं.

"बरं, समजा फुटलं. तुकडा कुठं जाईल? तू आयटीआयवाली ना? दाखव काढून."

त्यांनी खडू माझ्या पायाशी टाकला. हातात देता आला असता.

मी उकिडवी बसले. फरशीवर परवाची रांगोळी अजून थोडी होती. तिच्या शेजारी मी वर्तुळ काढलं. वर्तुळाच्या माथ्यावरून एक आडवा बाण काढला, समोर. त्याच्यावर लिहिलं, वेग. माथ्यावरूनच दुसरा बाण काढला, खाली, मध्याकडं. त्याच्यावर लिहिलं, ओढ. मला त्वरण लिहायचं होतं. हात इतका कापत होता की जोडाक्षर जमेना, म्हणून ओढ लिहिलं.

आधी सुपरवायझर हसला. "आत कुठं चाललाय तुझा बाण? चाक बाहेर फेकतं का आत ओढतं?" सगळे हसले. "सवलतीत पास झालं की असे बाण निघतात."

मी साहेबांकडं बघितलं.

साहेब आकृतीकडं बघत होते. फार नाही, दोन-तीन श्वास. त्यांची नजर आडव्या बाणावरून गेली, मग आतल्या बाणावर आली, मग भिंतीला टेकवलेल्या गार्डवर गेली. मी ती नजर बघितली. परीक्षेत उत्तर बरोबर आलं की तपासणाऱ्याची नजर अशी पुढं सरकते. आकृती बरोबर आहे हे त्यांना कळलं होतं. परदेशात जाऊन शिकलेल्या माणसाला एवढं कळणार नाही?

मग तेही हसले. सगळ्यांच्या हसण्यात मिसळून.

मला आजवर वाटायचं, या लोकांना कळत नाही म्हणून ते असं वागतात. आपण शिकलो, नीट समजावून सांगितलं, आकृती काढून दाखवली की कळेल. माझं सगळं शिक्षण याच आशेवर उभं होतं. माय उन्हात मचाणावर उभी राहिली ती याच आशेवर. त्या दोन-तीन श्वासांत ती आशा संपली. साहेबांना माहीत होतं. माहीत असून ते हसले. ज्याला कळत नाही त्याला शिकवता येतं, पण ज्याला कळतं आणि तरी हसतो त्याच्यापुढं खडू घेऊन बसायचं कशाला?

"बरोबर-चूक नंतर बघू," साहेब म्हणाले. "चाक चढव. दुपारी माल न्यायला गाडी येतेय. नवीन चाक यायला चार दिवस लागतील."

"साहेब, गार्ड..."

"बोल्ट मागवलेत."

चाचांनी चाक चढवलं. पाना दोनदा हातातून पडला. वर्षभरात रिटायर व्हायचे होते ते. शहागंजात घर, घरात दोन लेकी. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"चालू कर," सुपरवायझर मला म्हणाला.

बटण ग्राइंडरच्या पुढच्या बाजूला होतं. मी रोज जिथं उभी राहायचे तिथं माझ्या चपलांनी फरशीचा रंग गेलेला. मी त्या जागेकडं बघितलं. पाचावर धारण बसणं म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. मला लघवीला लागल्यासारखं झालं. मी खाली वाकले, खडू उचलला आणि चाकासमोरून सरळ रेघ ओढली, माझ्या त्या उभं राहायच्या जागेवरून मागं, थेट लॉकरपर्यंत. का ओढली ते सांगता येणार नाही. बोलायला जमत नव्हतं म्हणून असेल.

"हे काय?" सुपरवायझरनं विचारलं.

"मी या रेघेवर उभी राहणार नाही," मी म्हणाले.

दूरच्या प्रेसचा तेवढा आवाज.

"काय म्हणालीस?"

मला परत म्हणायचं नव्हतं. एकदाच म्हणायची ताकद होती. तरी म्हणाले. "मी चाक चालू करणार नाही. मी इथं उभी राहणार नाही. कुणीच राहू नये."

सुपरवायझरनं जे शब्द वापरले ते मी लिहीत नाही. त्यात माझी जात होती, आई होती आणि सरकार होतं. बोलत बोलत तो ग्राइंडरकडं आला. आणि बटण दाबायला तो बाजूनं आला. रेघेच्या बाहेर उभा राहून, हात लांब करून त्यानं बटण दाबलं. माझ्या बाणाला हसणारा माणूस. त्याचे पाय मी बघितले. दोन्ही पाय खडूच्या पलीकडं होते.

साहेब तर कधीच दारापाशी गेले होते.

चाक फिरायला लागलं. खाली सांडलेल्या हाराच्या पाकळ्या उडाल्या. आवाज चढत गेला, नेहमीसारखा, मग नेहमीपेक्षा वेगळा. थरथर फरशीतून पायात आली. मी मनात मोजत होते. आयटीआयमध्ये शिकवलं होतं, चढवलेलं चाक एक मिनिट रिकामं फिरवायचं आणि बाजूला उभं राहायचं. मी चाळिसापर्यंत आले होते.

फुटण्याचा आवाज मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी खाली बसलेली होते, डोकं गुडघ्यांत, आणि हवेत दगडाचा भुगा होता. कुणीतरी मेन स्विच पाडला. कुणीतरी देवाचं नाव घेत होतं. एक तुकडा छताच्या पत्र्याला लागून खाली पडला होता. दुसरा रेघेवरून गेला होता. लॉकरचं दार आत दबलं होतं. माझंच लॉकर. आत माझा डबा होता, स्टीलचा. तो भाकरीसारखा चपटा झाला होता आणि तुकडा त्यातच रुतून बसला होता.

दबलेल्या दाराजवळ जाऊन मी उभी राहिले. खड्डा माझ्या छातीच्या उंचीवर होता.

कुणाला खरचटलंही नाही. तासाभरात मोठ्या बाई गाडीनं आल्या. त्यांनी ग्राइंडरपुढं उदबत्ती लावली आणि म्हणाल्या, "परवाच पूजा झाली म्हणून देवीनं राखलं." सगळ्यांनी हात जोडले. सवयीनं माझेही जोडले गेले. मग मी ते सोडले.

दुपारी मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता. मी परवानगीशिवाय चाक उतरवलं, त्यावर ठोके मारले, त्यामुळं चाकाला तडा जाऊन ते फुटलं, ही माझी चूक मला मान्य आहे. खाली माझ्या नावापुढं सहीची जागा. नारळाचं नाव नाही. गार्डचं नाव नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते काही खोटं नाही.

साक्षीदार म्हणून एक सही आधीच झालेली होती. शकूरचाचांची. वेडीवाकडी, उर्दूत.

चाचा दाराशीच उभे होते. "माफ कर, बेटी," ते म्हणाले. "मेरे घर में..." मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या भीतीला मी चांगलीच ओळखत होते, सकाळी मी तीच पोटात घेऊन उभी होते.

"सही कर," सुपरवायझर म्हणाला. "केलीस तर पॅकिंगला ठेवू. नाहीतर उद्यापासून गेटवर नाव नाय."

साहेब खुर्चीत होते. मोबाइल बघत होते.

नोकरी गेली तर काय, हे मला माहीत होतं. माय आता मचाणावर चढू शकत नाही. गावात मला विचारतील, घरी का बसलीस? आणि मग आपणच उत्तर देतील, यांना टिकवता येत नाही. ते तसं म्हणणार म्हणून मी वर्षभर तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला होता. पेन हातात घेतलं. टोक कागदावर टेकलं. मी सही करणार होते. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मी सही करणारच होते.

साहेबांनी मोबाइलवरून डोळे उचलून टेकलेल्या पेनाकडं बघितलं, आणि त्यांचा चेहरा सैल झाला. सकाळी आकृती बघून जे तोंडावर आलं होतं आणि त्यांनी गिळलं होतं, ते आता कायमचं गिळायला मोकळं होणार होतं. माझ्या सहीनं.

मी कागद उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूला वर्तुळ काढलं. आडवा बाण. आतला बाण. या वेळी त्वरण असं जोडाक्षर नीट लिहिलं. आडव्या बाणाच्या टोकाशी एक बाई काढली, दोन रेघांची. तिच्याखाली लिहिलं, "मला इथं उभं राहायला सांगितलं होतं. गार्ड नव्हतं. साहेबांना आकृती दाखवली होती." आणि त्याखाली सही केली. पूर्ण नावाची, आडनावासकट.

साहेबांनी कागद ओढून घेतला आणि चुरगाळला. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "गेट आउट."

मी लॉकरवर गेले. चपटा डबा पिशवीत टाकला, आतल्या तुकड्यासकट. गेटवर बायकांच्या पिशव्या तपासतात. वॉचमननं विचारलं, "काय हाय?" पिशवीत हात घातला. तो ओरडला असता तर मी चोर ठरले असते, आणि मग माझं कुणीही ऐकलं नसतं.

"डबा हाय माझा," मी म्हणाले.

त्यानं डबा वर काढला. बघितला. उलटा करून बघितला. डबा जड होता, रिकामा डबा एवढा जड नसतो हे त्याला कळलं असणार. सकाळचा आवाज त्यानंही ऐकला होता. त्यानं डबा पिशवीत परत ठेवला आणि त्याच्यावर पिशवीतली माझी ओढणी पसरली. "जा बाई. बस चुकंल."

घरी मायनं तो तुकडा डब्यासकट हातात घेऊन वजन बघितलं. फाटक्या पाळीला सवयीनं हात लावला. मी तिला सगळं सांगितलं. नोकरी गेली हेही. तिनं डबा फडताळात ठेवला. मग म्हणाली, "सुटलेला धोंडा माघारी बोलावता येत नाय. आता पडंल तिथं पडू दे. पण सोडलाय तर खाली मान घालू नकू."

मी कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयात अर्ज दिला. अर्जासोबत तुकड्याचा फोटो, दबलेल्या डब्याचा फोटो आणि पुन्हा काढलेली ती आकृती. तुकडा दिला नाही. तो माझ्याकडं आहे, फडताळात, त्याच डब्यात. अर्ज घेणारा म्हणाला, चौकशीला बोलावू. अजून बोलावलेलं नाही. मधल्या काळात सुपरवायझरचा एकदा फोन आला, पॅकिंगला ये म्हणून. एकदा नुसताच फोन आला, कुणी बोललं नाही. त्या रात्री मी दाराला आडणा लावून झोपले. दुसऱ्या एका शेडमध्ये मला काम मिळालंय. तिथं पहिल्याच दिवशी मी चाक उतरवून वाजवलं. मुकादम बघत राहिला. बघू दे.

भीती गेलेली नाही. पत्र्यावर काही पडलं तर मी खाली बसते. चौकशीचं पत्र येईल या विचारानंसुद्धा हात गार पडतात. तिथं साहेब असतील, वकील असेल, चाचांची सही असेल. मी एकटी असेन.

पण जाईन. तुकडा घेऊन जाईन. खडू माझा मी घेऊन जाईन, कुणी पायाशी टाकायची वाट बघणार नाही. फरशीवर तेच वर्तुळ काढीन, तेच दोन बाण काढीन आणि आडव्या बाणाची रेघ साहेबांच्या खुर्चीपर्यंत ओढीन. मग सगळ्यांसमोर विचारीन, "साहेब, उठा. या रेघेवर उभे राहा आणि सांगा, त्या दिवशी तुम्हाला काय काय माहीत होतं?"